वेलिकाताईची गाडी आणि खोक्यातलं इंजिन

वेलिकाताई उतारावर ब्रेक लावत नाही. म्हणजे लावते, पण आपला जीव गोळा होऊन गेल्यावर. तिच्या मागच्या सीटवर मी अकरा वर्षं बसते आहे, गुलाबाच्या दिवसांत रोज पहाटे, आणि पाणचक्कीचं वळण आलं की माझे डोळे अजून आपोआप मिटतात. शेजारच्या साइडकारमध्ये, आम्ही तिला टोपली म्हणतो, तिचा नवरा गान्चो पोत्यांवर बसलेला असतो. तो वळण यायच्या आधीच छातीवर तीनदा क्रूस काढतो.

"अगं ए, माणूस बसलाय इथं!" तो ओरडतो.

"म्हणून तर वळणावर टोपली उचलली जात नाही," ती मागं न बघता ओरडते. "फुलांना वजन ते काय! तुझ्या पोटावर गाडी चाललीय, पोटावर!"

गाडी खरं तर गान्चोची. वीज मंडळात मीटर वाचायचं काम लागलं तेव्हा त्यानं ती घेतली. दोन्ही बाजूंना एकेक सिलिंडर बाहेर आलेला, म्हशीच्या शिंगांसारखा; धिप्पाड, जड गाडी. पहिल्याच आठवड्यात तो गाडीसकट कालव्यात गेला. त्याला खरचटलंही नाही, पण त्यानं किल्ली खुंटीला लावली ती लावलीच. दोन वर्षं कोंबड्या त्या टोपलीत अंडी घालत होत्या. मग लोणच्या-मुरंब्याच्या कारखान्याची पहाटेची बस बंद झाली आणि तिथं कामाला जाणाऱ्या वेलिकाताईनं एका रविवारी, प्रार्थनेहून आल्यावर, कुणालाही न विचारता गाडी खळ्यावर काढली. सुरू कशी करायची ते तिनं नवऱ्याला करताना पाहिलं होतं. थांबवायची कशी ते नव्हतं पाहिलं. खळ्यात ती गोल गोल फिरत राहिली, सगळं गाव कुंपणाला टेकून बघत राहिलं, आणि पेट्रोल संपलं तेव्हा गाडी थांबली. उतरली ती हसत. "आलं!" म्हणाली.

तेव्हा ती छत्तीसची होती. आता अठ्ठावन्नची आहे.

सहकारी शेती मोडून ज्याची त्याची जमीन परत मिळाली, तेव्हा तिच्या वाट्याला आजोबांचा वरचा तुकडा आला. बीच झाडांच्या रानाखाली, दगडाळ, वाऱ्याच्या तोंडावर. लोक म्हणाले, तिथं फक्त सरडे पिकतील. तिनं चर खणले, जुन्या गुलाबाच्या काड्या आडव्या पुरल्या, कारखान्यातून सुटल्यावर टोपलीतून पाण्याचे कॅन वर नेले. चार वर्षांनी तुकडा फुलला. उंचावर असल्यामुळे खालच्या शेतांपेक्षा आठवडाभर उशिरा फुलतो आणि फूल दाट येतं. पण तिथवर जाणारी वाट म्हणजे एका बाजूला दगडी बांध, दुसऱ्या बाजूला घळ. ट्रॅक्टर मावत नाही. मोटारीचं पोट घासतं. घोडागाडीला खाली यायला दीड तास, आणि पोत्यात कोंबलेलं फूल दीड तासात आतून तापतं. तापलेल्या फुलाचं तेल उडालेलं असतं; ते अत्तराच्या भट्टीवर कोण घेणार? म्हणून ही गाडी. गाडी आहे तर तुकडा आहे.

आमच्या भट्टीवर वजनकाटा तोत्काबाईकडे आहे. ती काट्याआधी पोत्यात कोपरापर्यंत हात घालते. गार लागलं तर पोतं काट्यावर. कोमट लागलं तर खेप परत, मग रडा नाहीतर ओरडा.

या वर्षी संत गेओर्गीच्या सणाला, कोकरू कापून सगळे जेवायला बसलो असताना, गान्चोचा धाकटा भाऊ मिन्को म्हणाला, "वहिनी, राग मानू नका, पण गाडी धूर सोडतेय. निळा. एक दिवस घळीत जाईल आणि दादालाही नेईल. वरचा तुकडा नांगरून टाकू, अक्रोड लावू. अक्रोडाला घाई नसते. पडला की उचलायचा."

मिन्को वाईट माणूस नाही. खालची चार शेतं त्याचीच, कष्टाळू आहे. पण दुसऱ्याच्या रानात आपली झाडं बघायची त्याला सवय.

"माझं फूल भट्टीवरून कधी परत आलंय का?" वेलिकाताईनं विचारलं.

"येईल या वर्षी."

"तीन खेपा परत आल्या तर नांगर तूच घेऊन ये. तोवर अक्रोडाचं नाव काढायचं नाही."

मिन्कोनं हात पुढं केला, तिनं धरला. पैज लागली की तिसऱ्यानं हातानं वार करून ते दोन हात सोडवायचे असतात, म्हणजे शब्द पक्का होतो. मी मध्ये बसले होते. सगळे म्हणाले, "काप!" मी कापले. नंतर देवासमोर मेणबत्ती लावताना मनात आलं, आज आपण हे काय केलं?

तोडणीचे पहिले सात दिवस काही नाही. पहाटे पाचला तोडणी, दवानं हात सुरकुतलेले, कमरेचं फडकं भरलं की पोत्यात. आठव्या दिवशी गाडी चढावर मरगळली. ताई मूठ पिळतेय, इंजिन कण्हतंय, वेग नाही. वर पोचेपर्यंत सिलिंडरवर थुंकलं तर चुर्र वाजत होतं. उतरतानाही तीच कथा. ज्या उतारावर मी डोळे मिटते तिथं गाडी ओढून न्यावी लागली. तोत्काबाईनं हात घातला, ओठ मुडपले, मान फिरवली.

पहिली खेप परत.

नवव्या दिवशी ताईनं प्लग बदलले, तेल बदललं. तरी तेच. धूर इतका की मागून येणारी घोडागाडी दिसेना. दुसरी खेप परत. भट्टीच्या आवारात आमची पोती उतरवून ठेवलेली, आणि त्यांच्याशेजारी वेलिकाताई गाडीच्या टाकीवर हात ठेवून उभी.

आणि नेमका मिन्को ट्रॅक्टर घेऊन आला. मागे ट्रॉलीत एक लाकडी खोका.

"वहिनी, वैऱ्यासारखा वागलो असं उद्या म्हणू नका," तो म्हणाला आणि पहारीनं खोक्याची फळी उचकटली.

आत तपकिरी मेणकापड, त्याच्या आत बोटभर जाडीचं ग्रीस, आणि ग्रीसच्या आत इंजिन. लष्कराच्या कोठारातलं. कोठारं रिकामी करताना लिलाव झाला तिथून त्यानं उचललं होतं. तेच मॉडेल, तीच दोन शिंगं, पण एकदाही न चाललेलं! गान्चोनं बाहीनं एक पट्टा पुसला आणि ॲल्युमिनियम असं चमकलं की सगळे पुढे वाकले. भट्टीतले कामगार फावडी टाकून आले. तोत्काबाई काटा सोडून आली. ती काटा सोडून कधी कुठं जात नाही.

"तीस वर्षं कुणी हात लावला नाही हिला," मिन्को म्हणाला.

"तुला लग्नाआधी सांगितलं होतं तसंच," तोत्काबाई म्हणाली आणि कामगार खिंकाळले.

वेलिकाताईनं नव्या इंजिनाच्या कंगोऱ्यांवरून बोट फिरवलं. मी तिचा चेहरा बघत होते. खोटं कशाला बोलू, तिचे डोळे लकाकले. माझेही लकाकले असतील. बावीस वर्षं तेच जुनं इंजिन चालवणाऱ्या बाईसमोर नवं कोरं ठेवलं तर काय होणार?

"बसवायला किती वेळ?" तिनं विचारलं.

"दोन दिवस. घाई केली तर दीड."

म्हणजे उद्याची खेप बुडाली. वरचा तुकडा उद्या-परवा ऐन भरात येणार होता. न तोडलेलं फूल दुपारपर्यंत झाडावरच संपतं. आणि घोडागाडीनं आणलं तर तिसरी खेप परत. मिन्कोलाही ते कळत होतं. तो पायानं माती उकरत राहिला.

"जुनंच उघडलं तर?" गान्चो म्हणाला.

"उघडून काय बघणार दादा? म्हातारीच्या तोंडात दात मोजणार?"

मग वेलिकाताई म्हणाली, "राचो मिस्त्रीला फोन लावा."

सगळे हसले. राचो मिस्त्री डोंगरापलीकडचा, गाब्रोवोचा. गाब्रोवोचे लोक इतके चिक्कू की मांजराची शेपटी कापतात म्हणे, दार लवकर बंद व्हावं आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. "गाब्रोवोकराला विचारताय, जुनं ठेवू की नवं घेऊ?" मिन्को म्हणाला. "वधूपित्याला विचारा ना, मुलगी कशी आहे!"

खिंड ओलांडून राचो मिस्त्री दीड वाजता आला. सत्तरीचा, काटकुळा, बुटांचे तळ तीनदा बदललेले. त्यानं नव्या इंजिनाकडे पाहिलंही नाही. गाडीपासून चार पावलांवर थांबला आणि नाक वर केलं.

"काय जळतंय?"

"कुठं काय?" गान्चो म्हणाला. "भट्टी आहे ही. गुलाब उकळतायत."

"गुलाब मला कळतात. त्याच्या खाली. काहीतरी जळतंय. किती दिवसांचं आहे!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणालाच कसलाही वास येत नव्हता. आणि त्यात नवल नव्हतं. फुलांच्या या तीन आठवड्यांत आमच्या गावात नाकं बंदच असतात. केसांत गुलाब, भाकरीत गुलाब, उशीत गुलाब. दूध उतू जाऊन जळलं तरी धूर दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. माझीच घेवड्याची दोन भांडी त्या आठवड्यात करपली होती. हा माणूस डोंगरापलीकडून आलेला, नाक धुतलेलं, कोरं.

तो कुत्र्यासारखा वाकून गाडीभोवती हुंगत निघाला. डावा सिलिंडर, उजवा, मागचं चाक. मग टोपली. टोपलीच्या बाहेरच्या बाजूला पोती मडगार्डवरून खाली लोंबतात, चाक झाकून टाकतात. आता ती उतरवलेली होती. त्यानं ताईला रस्त्यावर एक फेरी मारून यायला लावलं आणि चाकाच्या मधोमध, ब्रेकच्या ड्रमवर थुंकला.

चुर्र!

एवढ्याशा फेरीत!

"आई गं," गान्चो म्हणाला.

"टोपलीचा ब्रेक अडकलाय," राचो मिस्त्री म्हणाला. "चाक धरून बसलाय. तुम्ही दोन दिवस ब्रेक दाबून डोंगर चढताय. बिचारं इंजिन धूर सोडणार नाही तर काय भजन म्हणणार? कुणाला वास आला नाही?"

मग तो तोत्काबाईकडे वळला. "बाई, कोमट कुठलं पोतं लागलं?"

तोत्काबाईनं डोळे मिटून आठवलं. "बाहेरचं. दोन्ही दिवस बाहेरचंच. आतली तशी बरी होती."

"ड्रमवर शेकलंय ते. चुलीवर पोतं ठेवून आणताय आणि दोष इंजिनाला!"

आधी मला हसू आलं, मग तोत्काबाईला, मग सगळं आवार हसायला लागलं. वेलिकाताई तर खाली बसून पोट धरून हसली. "बावीस वर्षं!" ती म्हणत होती. "बावीस वर्षं चालवते आणि चाकाला हात लावला नाही!" आमच्यातलं कुणीही, नाक जाग्यावर असतं तर, पहिल्याच दिवशी ओरडलं असतं.

फक्त मिन्को हसत नव्हता. "ब्रेक सुटला म्हणजे निळा धूर गेला का?" तो म्हणाला. "धूर तर हिवाळ्यापासून आहे."

मुद्दा बरोबर होता. राचो मिस्त्रीनं प्लग काढले, भोकावर अंगठा ठेवला आणि गान्चोला किक मारायला लावली. उजव्या बाजूला हवेनं त्याचा अंगठा उडवला. डाव्या बाजूला नुसती फुसफूस. त्यानं लांब पेचकस इंजिनाच्या पोटाला टेकवला, दुसरं टोक कानाला लावलं, आणि बराच वेळ ऐकत राहिला. चर्चमध्येही इतकं शांत नसतं.

"पोट चांगलं आहे," तो म्हणाला. "क्रँकचा आवाज नाही. उजवा अजून पाच वर्षं देईल. डावा गेला. तो भाजलाय, या दोन दिवसांत जास्तच."

"मग नवंच बसवा," मिन्को म्हणाला.

"नवं? तीस वर्षं खोक्यात झोपलंय. त्याचे रबराचे सील वाळून पापड झाले असतील. पहिल्या चढाला सगळं तेल रस्त्यावर. सील आणायचे, पोट उघडायचं, दोन दिवसांचे चार होतील."

"म्हणजे हेही नाही, तेही नाही!" गान्चो हताश होऊन म्हणाला.

राचो मिस्त्री पहिल्यांदा खोक्याकडे गेला. नव्या इंजिनाकडे त्यानं असं पाहिलं, जसं आपल्याकडे सणाला आणलेल्या कोकराकडे बघतात. "डावा सिलिंडर," तो म्हणाला. "पिस्टन, रिंगा, वरचं डोकं. एवढं या नव्यातून काढायचं, जुन्यात घालायचं. मोजमाप एकच आहे. चार तास."

मिन्को ओरडला, "नव्या नवरीच्या अंगावरचं काढून म्हातारीला घालता!"

"नवरी बसून राहील, म्हातारी शेतात जाईल," मिस्त्री म्हणाला. "पण इंजिन तुझं आहे. आणि गाडी हिची. मी सांगितलं, आता ठरवा."

सगळे वेलिकाताईकडे बघायला लागले. ती हसायची थांबली होती. नवं इंजिन पूर्ण घेतलं तर उद्याची खेप, म्हणजे तुकडा, हातचा जातो. जोडजोड केली आणि ती उद्या अर्ध्या वाटेत फसली, तरी तुकडा जातो, वर मिन्कोचं नवं इंजिनही मोडलेलं.

"मिन्को," ती म्हणाली, "दिलास तर डावाच दे. नाही दिलास तरी राग नाही. पैज पैजेच्या ठिकाणी."

मिन्कोनं टोपी काढली, परत घातली. "डोळ्यांदेखत फोडताय माझं खेळणं," तो म्हणाला, आणि स्वतःच पाना उचलून नव्या इंजिनाचा पहिला नट सैल केला.

त्या चार तासांसारखी दुपार गावात आधी कधी झाली नसेल. ग्रीस पेट्रोलनं धुवायला तोत्काबाईनं भट्टीतली तांब्याची परात दिली. रिंगा बसवताना गान्चोची जाडी बोटं मावेनात म्हणून त्याला बाजूला काढलं आणि माझ्या लहान बोटांनी त्या दाबल्या. पिस्टन आत सरकताना जे मऊ, घट्ट 'सुप्प' झालं ते माझ्या बोटांत अजून आहे. राचो मिस्त्रीनं ब्रेक उघडून गंज घासला. सातला सगळं जागेवर. ताईनं किक मारली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा इंजिन बोललं! डावं नवं, उजवं जुनं, आवाज जरा लंगडा.

"बैलजोडीत एक तरणा, एक म्हातारा," मिस्त्री म्हणाला. "चालतील. पण उद्या पहिला एक तास मूठ अर्ध्याच्या वर नाही. नवी रिंग आहे, तापली तर धरून बसेल. घड्याळ लावून एक तास."

पेट्रोल वाचवायला तो रात्री गान्चोकडेच राहिला आणि चीजच्या थरांची बनित्सा तीनदा वाढून घेऊन खाल्ली.

सकाळी वरचा तुकडा गुलाबी नव्हताच, नुसता दवानं पांढरा चमकत होता. इतकं फूल मी कधी पाहिलं नाही. सहा बायका तोडत होतो तरी हात पुरेनात. पहिल्या खेपेला ताई शहाण्या मुलीसारखी अर्ध्या मुठीनं गेली, तोत्काबाईनं पोती घेतली, अर्ध्या मुठीनं परत आली. दुसऱ्या खेपेला अकरा पोती झाली, गान्चोला बसायला जागाच उरली नाही. तो पोत्यांवर आडवा झोपला आणि त्याला दोरीनं बांधला. ऊन बांधावर उतरलं होतं.

अर्ध्या वाटेत मेंढ्या. सगळी वाट भरून, आणि मेंढपाळ मागे कुठंतरी. ताईनं गाडी बंद केली, आम्ही ओरडलो, टाळ्या वाजवल्या, मेंढ्यांना काय? एकेक करत बांधाला घासून गेल्या. पोत्यावर हात ठेवला तर बाहेरून ऊन लागत होतं. आत काय चाललं असेल? मी मनात प्रार्थना म्हणत होते, शब्द चुकत होते.

वाट मोकळी झाली. ताईनं किक मारली. तापलेलं इंजिन पूर्वी दहा किका घ्यायचं. एका किकेत लागलं!

"तास झाला का गं?" तिनं विचारलं.

मी घड्याळ पाहिलं. चालण्याची मिनिटं जोडली तर बावन्न होत होती. देवा, तू पाहिलंस, तुला माहीत आहे.

"झाला," मी म्हणाले.

तिनं मूठ पिळली. इंजिन असं गरजलं की माझा रुमाल डोक्यावरून उडाला तो घळीतच गेला. दगडी बांध पळत मागे गेला, गान्चो दोरीखालून संतांची नावं घेत होता, एकाही संताला सोडलं नाही. पाणचक्कीच्या वळणाला मी या वेळी डोळे मिटले नाहीत. टोपलीचं चाक दोन बोटं उचललं, हवेत फिरलं, परत टेकलं, आणि मोकळं, गुळगुळीत फिरत राहिलं. धूर नाही! मी मागे वळून वळून पाहिलं, मागे नुसती धूळ होती.

भट्टीच्या दारात मिन्को उभा होता, राचो मिस्त्री उभा होता, कामगार उभे होते. गाडी थांबायच्या आत तोत्काबाई आली. तिनं बाहेरचं पोतं निवडलं, सगळ्यात बाहेरचं, मडगार्डवरचं. गाठ सोडली. कोपरापर्यंत हात घातला. तिथंच ठेवला.

मला वाटतं, ती मुद्दाम वेळ घेत होती.

"विहिरीसारखं," ती म्हणाली. "विहिरीसारखं गार! काट्यावर घ्या!"

कुणी ओरडलं, कुणी टोप्या उडवल्या, गान्चो "मला सोडा आधी!" म्हणून बोंबलत होता. वेलिकाताई गाडीवरून उतरलीच नाही. पोती खाली गेली तशी तिनं पाय किकवर ठेवला. "वर अजून सात पोती आहेत," ती म्हणाली, "आणि झाडावर किती ते देव जाणे. गान्चोला उतरवा, त्याचा रंग गेलाय. टोपलीत वजन कोण देतंय?"

मिन्कोनं इकडं तिकडं पाहिलं. मग टोपी घट्ट केली आणि टोपलीत जाऊन बसला.

"वहिनी," तो म्हणाला, "वळणावर जरा हळू."

"बघू," ती म्हणाली, आणि गाडी सुटली.